‘वारा पडला की लॉटरी’ म्हणणाऱ्यांना

ऑस्ट्रेलियातल्या शिडाच्या बोटींच्या २०२३ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीच्या शेवटाचा व्हिडिओ अजूनही फिरत असतो. ६२८ सागरी मैल संपत आलेत, वारा मरगळलेला आणि होबार्टच्या डर्वेंट नदीत शंभर-शंभर फुटी दोन बोटी. ‘अँडू कोमांचे’ पुढे, मग ‘लॉकनेक्ट’, मग पुन्हा कोमांचे, आणि अगदी शेवटच्या रेषेजवळ लॉकनेक्ट. ४३ तासांच्या शर्यतीत फरक पडला ५१ सेकंदांचा. व्हिडिओखालचा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच: वादळात कसब लागतं, वारा पडला की नुसती लॉटरी, वीसेक माणसं बघा कशी हातावर हात ठेवून बसलीत, अशा वेळी सगळ्यात मोठं शीड चढवायचं, तोंड रेषेकडे ठेवायचं आणि वाट बघायची, नाहीतरी लोक एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करतात, मग एवढा क्रू कशाला?

आधी त्या बसलेल्या माणसांचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. ती कुठे बसलीत ते नीट बघा. जोराच्या वाऱ्यात क्रू वाऱ्याकडच्या कठड्यावर पाय सोडून बसतो, बोट आडवी होऊ नये म्हणून. मंद वाऱ्यात बरोबर उलटं. सगळे वाऱ्याखालच्या बाजूला आणि जमेल तितके पुढे सरकतात. बोट मुद्दाम कलती केली की शिडाचं कापड स्वतःच्या वजनानेच आकार धरतं. सरळ उभ्या बोटीवर ते नुसतं लोंबतं. आणि वजन पुढे गेलं की मागचा रुंद भाग पाण्यातून थोडा उचलला जातो. कमी वेगात बोटीला अडवते ती लाट नव्हे, पाण्याचं घर्षण, आणि ते ओल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतं. कोमांचेचा मागचा भाग प्रचंड रुंद आहे, कारण ती जोराच्या वाऱ्यात सुसाट धावायला बांधलेली बोट. असली बोट मंद वाऱ्यात पाण्याला चिकटते. शेवटच्या काही मैलांत ती अडखळली यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही.

माणसं हलत नाहीत, त्यालाही कारण आहे. अंग झुलवून बोट पुढे रेटायला शर्यतीच्या नियमांत बंदी आहेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी. दोन-तीन नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात एक जण डेकवर धपधप चालत गेला तरी डोलकाठीचं टोक हलतं आणि शिडाला मुश्किलीने चिकटलेली हवा सुटते. ती पुन्हा बसायला वेळ जातो. म्हणून पावलं मांजरीची, बोलणं हळू. खाली चहा टाकायला जायचं तरी हेल्मवरच्याला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला, विचारून, तो म्हणेल तेव्हा. ज्यांची झोपेची पाळी असते त्यांनाही वाऱ्याखालच्या बर्थवर हलवतात. झोपलेल्या माणसाचं वजन कुठे असावं याचा विचार वादळातही होतो, पण इतका बारकाईने नाही.

‘सगळ्यात मोठं शीड चढवा’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण वारा अगदीच क्षीण असला की मोठ्या, खोलगट शिडाच्या वळणावरून हवा वळू शकत नाही, मध्येच तुटते. मग शीड थोडं चपटं करतात, वरचा भाग उघडा सोडतात. कधी मोठं जड शीड उतरवून त्याहून लहान, पण पातळ कापडाचं चढवतात. त्याचे दोरसुद्धा बदलतात, कारण जाड ओला दोर स्वतःच्या वजनाने शिडाचा कोपरा खाली ओढतो. ट्रिमरची, म्हणजे शिडाचे दोर ओढणाऱ्या-सोडणाऱ्याची, नजर शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांवर असते. आतला आणि बाहेरचा धागा सरळ मागे वाहत असला तर ठीक, एक फडफडला की दोर बोटभर इकडे किंवा तिकडे. हे तासन्‌तास चालतं. लाट असेल तर आणखी हाल, कारण प्रत्येक डोलण्याबरोबर शीड भरतं आणि रिकामं होतं.

‘तोंड रेषेकडे ठेवा’ हा तर सरळसरळ चुकीचा सल्ला. चालती बोट स्वतःचा वारा तयार करते, आणि शिडाला खरा वारा आणि हा वारा मिळून झालेला जोडवारा मिळतो. रेषेच्या दिशेने हट्टाने नाक धरलं आणि बोट थांबली की तो वाराही गेला. म्हणून आधी थोडं वळून वेग घ्यायचा, वेग आल्यावर हळूच हव्या त्या दिशेला यायचं. तेही सुकाणू न झटकता, कारण मंद वेगात सुकाणू म्हणजे ब्रेकच.

आता लॉटरी. हिशेब साधा आहे. अर्ध्या नॉटचा फरक सहा तास टिकला तर अंतर पडतं तीन मैलांचं, वाऱ्याचा जोर काहीही असो. पण तेच तीन मैल वीस नॉटने नऊ मिनिटांत कापले जातात आणि दोन नॉटने दीड तासात. म्हणजे एकाच चुकीला मिळणारी शिक्षा मंद वाऱ्यातच दहापट.

वाराही आभाळातून चिठ्ठी काढल्यासारखा पडत नाही. आपल्या किनाऱ्यावर मतलई वारा थांबून खारा वारा सुरू होईपर्यंत समुद्र कसा निपचित पडतो, हे कुठल्याही कोळ्याला विचारा. डर्वेंटही रात्री बऱ्याचदा अशीच पडते, आणि होबार्टच्या शर्यतीतले लोक नदीत कधी शिरायचं याचा विचार आधीपासून करतात. अटलांटिकमध्ये विषुववृत्तीय शांत पट्टा पश्चिमेकडे अरुंद होत जातो, म्हणून तो साधारण २५ ते ३० अंश पश्चिम रेखांशाच्या दरम्यान कुठे ओलांडायचा हे जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतल्या बोटी कित्येक दिवस आधी ठरवतात. पट्ट्यात शिरल्यावर रात्री रडारवर पावसाचे ढग मोजत बसायचं: ढगाच्या पुढच्या कडेला वारा मिळतो, मागे राहिलात तर ठणठणाट. एखादा ढग शेजारच्या बोटीवर फुटतो आणि तुमच्यावर नाही, हे नशीब, मान्य. पण वीस ढगांपैकी पंधरांशी नीट वागलेली बोट पुढे असते.

एकट्याने जाणाऱ्यांचा दाखला देणाऱ्यांनी गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीचा एक तपशील बघावा. २०२२ च्या त्या शर्यतीत कर्स्टन नॉयशेफर पहिली आली आणि आपला अभिलाष टॉमी दुसरा. बोटी छत्तीस फुटी. शंभर फुटी बोटीच्या एका शिडाला जितके हात लागतात तितके हात तिथे लागतच नाहीत. शिवाय त्या शर्यतीत विजेवर चालणारा ऑटोपायलट नसतो, वाऱ्यावर चालणारं यंत्र सुकाणू धरतं. वारा पडला की ते यंत्रही पडतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात एकट्या माणसाला झोपायला मिळतं आणि मंद वाऱ्यात त्यालाच सुकाणू धरून बसावं लागतं.

राहिलं ‘काहीच करता येत नाही’. वारा शून्य आणि ओहोटी किंवा प्रवाह उलटा, तर नांगर टाकतात. नियमांना ते चालतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जाणाऱ्या फास्टनेट शर्यतीत ही जुनी युक्ती आहे: शिडं चढवलेलीच ठेवायची, सुटसुटीत नांगर आणि लांब दोर हळूच सोडायचा, म्हणजे आपण जागेवर आणि बाकीचे मागे वाहत जातात. रात्री हे गुपचूप करतात, दिवे लांबून तसेच दिसत राहतात आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही. पुन्हा निघायचं तर तो नांगर वर ओढून घ्यावाच लागतो, दोर कापून पळता येत नाही. तेव्हा पाण्यावर पहिली सुरकुती दिसताच दोरावर हात टाकायला माणसं जागी लागतात.