‘७२ साली कुणाला डिप्रेशन आलं होतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानबदलाने पोरं खचतात हे शहरी फॅड आहे, १९७२च्या दुष्काळात कुणाला डिप्रेशन आलं नव्हतं.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२१च्या सर्वेक्षणात भारतासह १० देशांतले १६ ते २५ वयाचे १० हजार जण होते; ५९ टक्के हवामानबदलामुळे फार चिंतेत निघाले. पण ते सर्वेक्षण ऑनलाइन होतं. दुष्काळी गावातलं पोरगं त्यात कितीसं येणार?

दुसरा मुद्दा पटत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाला झोप लागते का, हे विचारायला गेलं कोण? ओडिशात विचारलं. १९९९च्या महाचक्रीवादळानंतर १४ महिन्यांनी १०८ किशोरवयीन मुलं तपासली, तर जवळजवळ २७ टक्क्यांना पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) होता. ते वादळ हवामानबदलामुळेच आलं असा दावा नाही. समुद्र तापला की अशी वादळं जास्त जोर धरतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

आपल्याकडे मात्र उकाड्यात खरा घोळ झोपेचा आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. पत्रा रात्री लवकर निवतो, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वयात येताना झोपेची वेळ तशीही पुढे सरकते आणि एप्रिलमध्ये शाळा सकाळची! या वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती तुटली की चिडचिड, उदासी, अभ्यासात लक्ष नाही, आणि घरचे खापर फोडतात मोबाइलवर. (तोही आहेच म्हणा.) उन्हाळ्याआधी गच्चीला चुना मारा, परीक्षा नसेल तेव्हा दुपारी अर्धा तास झोपू द्या. मूल लिथियमवर (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) असेल तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं औषध धोकादायक पातळीला जातं.

पुरानंतर शाळा हमखास एक चूक करतात: एका दिवसाचं समुपदेशन शिबिर आणि ‘मी पाहिलेला पूर’ हा निबंध. आठवणी उकरायच्या आणि पुढे कुणी विचारायचं नाही, अशा एकवेळच्या सत्रांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. त्यापेक्षा वर्ग लवकर सुरू करा, दप्तर-वह्या द्या, वाहून गेलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळवून द्या. बोलायचं असेल त्याचं ऐका, गप्प असेल त्याला डिवचू नका. महिन्यानंतरही मूल पावसाच्या आवाजाने दचकत असेल, शाळा टाळत असेल, तर जिल्हा रुग्णालय गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. जीव देण्याची भाषा निघाली तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.