डिफोला खोड्यात उभं केलं ते या कवितेसाठी नाही

'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डिफोबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'द ट्रू-बॉर्न इंग्लिशमन' ('अस्सल इंग्रज') ही कविता लिहून त्याने इंग्रजांना शिव्या घातल्या, राजाने त्याचे पैसे मोजले आणि शेवटी याच कवितेपायी त्याला खोड्यात, म्हणजे मान-हात लाकडी चौकटीत अडकवून चारचौघांत, उभं केलं. यातलं पहिलं विधान अर्धवट आहे, उरलेली दोन चूक.

आधी खोडा. कविता जानेवारी १७०१ ची. डिफो खोड्यात उभा राहिला २९, ३० आणि ३१ जुलै १७०३ ला, आणि तेही डिसेंबर १७०२ मधल्या वेगळ्याच, गद्य पत्रकासाठी.

आता शिव्या. त्या आहेतच, पण कविता मुळात उत्तर आहे. ऑगस्ट १७०० मध्ये जॉन टचिनने 'द फॉरिनर्स' हे पद्य पत्रक काढून इंग्लंडच्या गादीवरचा डच राजा विल्यम आणि त्याच्या डच माणसांवर तोंडसुख घेतलं होतं. बायबलमधल्यासारखी नावं घेतली, पण बुरखा अगदी पातळ: राजाच्या मर्जीतल्या बेंटिंकचा 'बेंटिर', केपेलचा 'केपेक'. डिफो एकेक आरोप खोडत बसला नाही. त्याने 'परका' हा शब्दच पकडला आणि विचारलं, मग अस्सल कोण? रोमन, सॅक्सन, डेन, नॉर्मन, जो आला तो इथलाच झाला. मग ही ओळ येते: 'दॅट हेट्रोजीनिअस थिंग, ॲन इंग्लिशमन', म्हणजे इंग्रज नावाची ती सरमिसळ चीज. एरवी सहा अक्षरांचा 'हेटेरोजीनिअस' हा ग्रीक वळणाचा, पुस्तकी शब्द दहा अक्षरांच्या ओळीत बसावा म्हणून त्याने चारांत दाबला. इंग्रजाचं वर्णन करायला शब्दसुद्धा परका लागला! रोख देशावर नाही, कुळाच्या घमेंडीवर आहे. शेवटी मोठेपण तो वंशाला नाही, माणसाच्या गुणाला देतो.

आणि पैसे? या कवितेमुळे राजाशी ओळख झाली, असं डिफोनेच १७१५ मध्ये लिहिलं. म्हणजे कविता आधी, राजा नंतर. त्याच्याच हिशेबाने अधिकृत आवृत्त्या नऊ, चोरून छापलेल्या बारा. एक-दोन पेनीच्या ८०,००० स्वस्त प्रती रस्त्यावर खपल्या. नफा हाती आला असता तर हजार पौंडांवर मिळाले असते, असं तो म्हणतो. तो नफा गेला चोरट्या छापखान्यांकडे.

टीकाच करायची तर ती दुसरीकडे करावी. बेंटिंकच्या, म्हणजे पोर्टलंडच्या अर्लच्या, घराण्याला राजाने आयर्लंडमध्ये दिलेल्या जमिनींवरून पार्लमेंट खवळलं होतं. डिफो पोर्टलंडच्या दहा वर्षांच्या चाकरीचा दाखला देतो, पण जमिनींच्या हिशेबात शिरत नाही. तिथे त्याचं उत्तर लंगडं पडतं.