फिरवण्याआधी फाइलमधली खूण बघा
फोनवरच्या व्हिडिओंबद्दलच्या एका लेखात, उभी घेतलेली पण आडवी दिसणारी क्लिप व्हिडिओ एडिटरमध्ये ९० अंश फिरवून पुन्हा सेव्ह करायला सांगितलंय. पण आधी ती खरंच आडवी आहे का ते बघा! फोन बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर येतं तसंच चित्र साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ एवढी खूण फाइलमध्ये घालतो. काही जुने एडिटर ती वाचतच नाहीत, म्हणून क्लिप आडवी दिसते. खूणच चुकीची असेल तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रामने नुसती खूण बदलता येते. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे चित्र नव्याने दाबून साठवलं जात नाही, त्यामुळे चित्र जराही खराब होत नाही.

मुलीच्या पहिल्या पावलांची क्लिप मी एडिटरमध्ये फिरवली खरी, पण प्रोजेक्टची चौकट आडवी, १९२० बाय १०८० पिक्सेलचीच ठेवली. मधे जेमतेम ६०८ पिक्सेलची पट्टी, दोन्हीकडे काळं. फार वाईट वाटलं. मूळ फाइल होती म्हणून उभ्या १०८० बाय १९२० मध्ये पुन्हा करता आलं.