'निखारे लाल झाले की शेगडी आत घ्या' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी उरकून गलाईवाली मंडळी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी माणसं, परत उत्तरेच्या वाटेला लागली, की सांगलीतल्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'उत्तरेच्या थंडीसाठी घर असं तयार करा' हा मेसेज फिरतो. त्यातले सहा सल्ले थोडक्यात असे: सगळ्या फटी आणि व्हेंटिलेटर टेपने बंद करा, कोळशाचा धूर थांबला की शेगडी खोलीत घ्या, शेजारी बादलीभर पाणी ठेवा, ऑईल हीटर घ्या, तो वीज कमी खातो, पणतीवर मातीची कुंडी पालथी घाला, खोली तापते, पाण्याच्या टाकीत मूठभर मीठ टाका, नळ गोठला तर पाइपवर उकळतं पाणी ओता. पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे. वाचणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि दुसऱ्यात फसतो.

मुळात अमृतसर, श्रीनगर आणि लेह ही काही एकच थंडी नव्हे. अमृतसर-दिल्लीकडे धुकं, ओल आणि सूर्य न दिसणारे दिवस यांचा त्रास. पारा शून्याच्या आसपास एखाद्या पहाटेच जातो, तिथे पाइप गुंडाळायला पैसे घालवू नका. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे सगळ्यात कडक थंडीचा काळ, त्यात रात्री उणे ४-५ नेहमीच्या. लेहला उणे १५ सुद्धा नवल नाही. पाइप आणि टाकीचं पुढे जे लिहिलंय ते या दोन ठिकाणांसाठी आणि शिमल्यासारख्या डोंगरी गावांसाठी.

आता शेगडी. धूर थांबला म्हणजे विषारी वायू थांबला, हे साफ खोटं. धूर असतो तो कोळशातल्या ओलीचा आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचा. तो गेल्यावर उरतो नुसता कार्बन. ढिगाच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो. भट्टीवर बसणाऱ्याने निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत पाहिलेली असते. ती याच वायूची. ती विझून नुसती लाली उरली, वर राख धरली, की तोच वायू न जळता खोलीत पसरतो. म्हणजे मेसेज ज्या क्षणी शेगडी आत घ्यायला सांगतो, नेमका तो क्षण वाईट.

बादलीचा उपयोग शून्य. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शुद्ध वायूखाली ठेवलं तरी लिटरभर पाणी जेमतेम २५-३० मिलिलिटर धरतं. खोलीतल्या हवेत विरळ मिसळलेल्या वायूतून काय धरणार? 'वायू जड असतो, खाटेवर झोपा' अशी पुरवणीही कुणीतरी जोडलीय. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि सगळीकडे सारखा मिसळतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळ, गुंगी आली आणि ताप कुणालाच नाही, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका; विषबाधा झालेल्या रक्तालाही तो ९८ दाखवतो, कारण त्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

कोळसा किंवा लाकूड जाळायचंच असेल तर धुराचा पाइप छपराबाहेर काढलेली बुखारी, म्हणजे बंद लोखंडी शेगडी, घ्या. मोसमाआधी पाइप उतरवून काजळी झाडा, सांधे घट्ट बसवा, आणि झोपताना आग विझवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो. तो झोपायच्या खोलीत हवाच. बाथरूममधला गॅस गीझर हाही याच जातीचा धोका: त्याची जागा बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत.

गलाईच्या दुकानाच्या मागे किंवा वर बिऱ्हाड असेल तर फटी बंद करताना आणखी एक विचार करा. सोनं शुद्ध करायच्या तेजाबातून (नायट्रिक ॲसिड) निघणारी तपकिरी वाफ रात्री घरात कोंडली तर लगेच फक्त खोकला येतो. फुप्फुसात पाणी साठायला काही तास, कधी दिवसही जातो. 'आता बरं वाटतंय' म्हणून झोपू नका. दुकान आणि घर यांच्यामधलं दार सील करा, दुकानातली हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र कधीच बंद करू नका.

फटींबद्दल बरोबर ते एवढं: दाराखालची फट आणि खिडकीची चौकट फोमच्या पट्टीने बंद करा. चौकट पुसून कोरडी करा आणि काम नोव्हेंबर संपायच्या आत, दुपारच्या उन्हात उरका. गारठ्यात गोंद धरत नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर आधी तिकडे खर्च करा, कारण ऊब वरून जाते. व्हेंटिलेटर उघडाच राहू द्या. चार माणसं रात्रभरात श्वासावाटे आणि अंगावाटे मिळून लिटरभराच्या आसपास पाणी सोडतात. ते गार भिंतीवर साचतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दुपारी दहा मिनिटं खिडक्या उघडा.

हीटरचं उत्तर सोपं. २००० वॅटचा ऑईल हीटर असो की ब्लोअर, दोघेही तासाला दोन युनिटच खातात आणि तेवढीच ऊब देतात. ऑईलवाला हळू तापतो, हळू निवतो, इतकाच फरक. ऑक्सिजन दोन्ही खात नाहीत. पण प्रवाह पावणेनऊ अँपिअरच्या आसपास असतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला लावला तर पिन तापून बोर्ड वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट, रजई मीटरभर दूर.

कुंडीखालच्या पणतीला पाच-सात ओळी खर्च कराव्यात इतकीही तिची ऊब नाही. ज्योत देते तेवढंच कुंडी साठवते, वाढवत नाही.

मिठाचा हिशोब करून पाहा. पाणी उणे ५ पर्यंत गोठू नये म्हणून लिटरला सुमारे ८५ ग्रॅम मीठ लागतं. हजार लिटरच्या टाकीला ८५ किलो! समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून खारट. मूठभर मिठाने काहीच होत नाही.

पाइप फुटतो तो बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून कडाक्याच्या रात्री दूरच्या टोकाचा नळ काडीएवढ्या धारेने चालू ठेवतात. उघड्यावरच्या पाइपला फोमची नळी चढवा, सांधे टेपने बांधा. पोतं गुंडाळलं तर वर प्लॅस्टिक हवंच, ओलं पोतं कामाचं नाही. जानेवारीत गावी येणार असाल तर मेन कॉक बंद करून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा, फ्लशची टाकी आणि गीझर रिकामे करा.

गोठलाच तर आधी नळ उघडा, मग नळाकडून मागे मागे सरकत गरम फडकं किंवा हेअर ड्रायर फिरवा. उकळतं पाणी पीव्हीसी मऊ करतं, गार लोखंडी जोडाला तडा देतं. आणि नळातून धार लागेपर्यंत गीझरचं बटण दाबू नका: आत येणारी वाट गोठलेली, बाहेर जाणारी बंद, आणि मध्ये तापून फुगणारं पाणी.