एजंटचं मन न दुखवता करार कसा संपवावा

घर विकलं गेलं नाही म्हणून एजंटशी केलेला करार संपवायचाय? सबुरीनं घ्या. आमचा कोथरूडचा टू बीएचके अजून आमच्याच नावावर आहे आणि एजंटसाहेब आमच्यावरच नाराज आहेत, तेव्हा या विषयात चार शब्द सांगायचा हक्क मला आहे.

आधी मुहूर्त बघा. पितृपक्षात घर कोण बघतं? नवरात्रात पार्टी देवीला, दिवाळीत गावाला. मग लग्नसराई, मार्चएंड, पोरांच्या परीक्षा, आणि पावसाळ्यात म्हणे भिंतीची ओल दिसते. मध्येच आचारसंहिता. यातून उरलेल्या आठवड्यात तुम्ही विषय काढलात, की "काका, आत्ताच तर एक जेन्युईन पार्टी तयार होती!"

भाव कमी करा. मग आणखी कमी करा.

फोन करू नका, ते साइट व्हिजिटवर असतात. सकाळी झेंडूच्या फुलांचं सुप्रभात येतं ना? मग संपर्क आहेच.

भारतीय करार कायदा, 1872 तर मुळीच उघडू नका. मालक एजंटचा अधिकार काढून घेऊ शकतो, वाजवी नोटीस द्यावी, आणि ठरल्या मुदतीआधी सबळ कारणाशिवाय काढला तर भरपाईचा प्रश्न येतो, असलं काहीबाही कलम 201 ते 206 मध्ये लिहिलंय. पार्टीच न आणणं हे सबळ कारण आहे, असं आमचे वकील म्हणतात. "तसं नसतं काका," असं एजंट म्हणतात. करार 500 च्या स्टॅम्प पेपरवर आहे (ऑक्टोबर 2024 पर्यंत 100 रुपयांत भागायचं), म्हणजे केवढा पवित्र!

नोटीस रजिस्टर एडीनं पाठवायची म्हणाल, तर रजिस्टर पोस्टच 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती मागा. "मिळालीच नाही" हे उत्तर तसंही येणारच आहे.

राहिली किल्ली. ती परत मागणं हा शुद्ध असभ्यपणा. किल्ली ऑफिसातल्या पोराकडे असते. पोरगा गावाला असतो. गावाहून आला की दुसऱ्या साइटवर असतो. आमच्या किल्लीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर बॉलपेननं लिहिलंय, '2 बीएचके काका'. कुणाच्याही हातात पडावी अशी सोय. परवा रात्री साडेदहाला शेजारच्या वहिनींचा फोन आला, "भावजी, तुमच्याकडे लाइट कसा?" जाऊन बघतो तर दार नुसतं ओढून घेतलेलं, आत कुणी नाही, पंखा फुल्ल, हॉलमध्ये अंथरलेला पेपर, त्यावर वडापावचे कागद, आणि गॅलरीत भिंतीला टेकवलेला दुसऱ्याच स्कीमचा फ्लेक्स! म्हणजे आमच्या घरात बसून हे दुसऱ्यांची घरं विकतायत. मेंटेनन्स मी भरायचा, महावितरणचं बिल मी भरायचं. विचारलं तर म्हणे, "पार्टी आली होती काका." रात्री साडेदहाला? कोण पार्टी, नाव सांगा! तर ते कॉन्फिडेन्शिअल.

आणि यादी? करार संपल्यावर सहा महिन्यांत 'त्यांच्या' पार्टीनं घर घेतलं तरी दोन टक्के द्यायचे, असं करारात कलम आहे. त्या पार्ट्यांची यादी नोटिशीनंतर आली. 'शर्माजी', 'आयटीवाले', 'हडपसर मॅडम', आणि आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचे जावई! त्यांनी जिन्यात भेटून मला भाव विचारला होता. मला. तुम्हाला नाही.

पुरे झाली थट्टा. काडीचं काम न करता लोकांची घरं अडकवून ठेवता आणि वर नाराज होता? जरा तरी लाज बाळगा. कुणाच्या आजारपणासाठी, कुणाच्या मुलांच्या फियांसाठी ते घर विकायला काढलेलं असतं. आणि वाचकहो, तुम्ही पोराची वाट बघत बसू नका, आजच कुलूप बदला.

नोटिशीला लेखी उत्तर द्या, साहेब. यादीत पूर्ण नावं आणि घर दाखवल्याच्या तारखा लिहा. आणि ती किल्ली पोराबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या.