पॅनलजवळ जोडला जातो, छतावर तुटतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वायरलेस धूर-डिटेक्टर आणि अलार्मचं पॅनल (घरातल्या सगळ्या सेन्सरचे सिग्नल घेणारा मुख्य डबा) यांच्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 'डिटेक्टरची पॅनलमधली नोंद काढून तो पुन्हा जोडा हा तुमचा सल्ला कुचकामी आहे. पॅनलजवळ आणला की लगेच जोडला जातो, छतावर लावला की दुसऱ्या दिवशी पॅनलवर संपर्क तुटल्याची सूचना हजर. राउटर बदलला, तरी फरक नाही. टेस्टचं बटण दाबलं की भोंगा कानठळ्या बसवतो, म्हणजे डिटेक्टर ठणठणीत आहे. तेव्हा पॅनलच खराब आहे, हे सरळ सांगा ना!'

सरळ सांगतो: तुम्ही दिलेल्या माहितीवरून पॅनल खराब ठरत नाही.

आधी भोंग्याचं बघू. डिटेक्टरमध्ये दोन कामं वेगवेगळी चालतात. धूर ओळखून भोंगा वाजवणं हे एक आणि पॅनलला रेडिओ सिग्नल पाठवणं हे दुसरं. पहिलं उत्तम चालू असताना दुसरं पूर्ण बंद असू शकतं. काही मॉडेलमध्ये बटण नुसतं दाबलं तर फक्त भोंगा वाजतो, सिग्नल जायला ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. त्यामुळे टेस्ट करताना कान डिटेक्टरकडे आणि डोळे पॅनलकडे हवेत. तिथे त्याच झोनचा (पॅनलमध्ये त्या डिटेक्टरला नेमून दिलेल्या जागेचा) फायर अलार्म उमटला तरच टेस्ट पास. (मॉनिटरिंग सेवा घेतली असेल तर त्यांना आधी कळवून सिस्टीम टेस्ट मोडवर टाका, नाहीतर बंब दारात येईल.)

आता 'दुसऱ्या दिवशी' का? डिटेक्टर ठराविक काळाने पॅनलकडे हजेरी लावतो. एखादी हजेरी चुकली म्हणून पॅनल लगेच ओरडत नाही. काही तास एकही सिग्नल आला नाही तरच संपर्क तुटल्याचं दाखवतं. म्हणजे सूचना सकाळी दिसली तरी संपर्क बहुधा आदल्या दिवशी, तुम्ही शिडीवरून उतरलात तेव्हापासूनच नव्हता. पॅनलपासून हातभर अंतरावर जोडणी झाली, यातून एवढंच कळतं की दोघांना एकमेकांची भाषा समजते. छतावरून आवाज पोहोचतो की नाही, ते त्यातून कळत नाही.

राउटरचा इथे संबंध नाही. अलार्म सिस्टीमचे बहुतेक वायरलेस डिटेक्टर वायफाय वापरतच नाहीत. ते 433 किंवा 868 मेगाहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. राउटर बदलून त्या रेडिओला काडीचाही फरक पडत नाही.

मग करायचं काय? तुमच्याच घरातला, त्याच सिस्टीमचा नीट चालणारा दरवाजाचा सेन्सर घ्या आणि डिटेक्टरच्या जागी छताशी धरून बघा. त्याचाही सिग्नल पोहोचत नसेल तर दोष जागेचा. पोहोचला, तर संशय डिटेक्टरवर किंवा त्याच्या बॅटरीवर. पॅनलमध्ये सिग्नलची ताकद दाखवणारी सोय असेल तर तोही आकडा बघा, पण डिटेक्टर छतावर, बेसमध्ये (छताला लावलेल्या चकतीत) पूर्ण फिरवून बसवलेला असताना.

जागेचा दोष असेल तर तो बऱ्याचदा वीतभर सरकवून जातो. 433 मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण 69 सेंटीमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना मारतात आणि वीतभर बाजूला तोच सिग्नल खणखणीत मिळतो. स्लॅबमधल्या सळया, एसीचे पत्र्याचे डक्ट, फॉइल लावलेलं इन्सुलेशन, मोठे आरसे यांच्याकडे आधी बघा. मात्र रेंजसाठी डिटेक्टर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा एसीच्या झोताखाली नेऊ नका. त्यापेक्षा पॅनल हलवा, विशेषतः ते लोखंडी कपाटाला किंवा फ्रिजला टेकून असेल तर. रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारं उपकरण) या सगळ्यानंतर, त्याआधी एक पैसाही खर्च करू नका.

बॅटरीबाबत एक गोष्ट फसवते. तुमच्या डिटेक्टरमध्ये सीआर123ए लिथियम सेल असेल तर मीटर लावून समाधान मानू नका. हा सेल संपत येईपर्यंत 3 व्होल्टच्या आसपास दाखवत राहतो; सिग्नल पाठवताना क्षणभर जास्त करंट लागतो आणि तेव्हा नेमका त्याचा व्होल्टेज कोसळतो. दोन सेल असतील तर दोन्ही एकदम नवे टाका. रिचार्जेबल तर नकोच, त्यांचा व्होल्टेज वेगळा असतो. जुने सेल काढल्यावर टेस्टचं बटण काही सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज निघून जातो, मग नवे बसवा.

आणि पुन्हा जोडण्याचा सल्ला मी मागे घेत नाही, तो वेगळ्या आजारावर आहे: पॅनल बदललं, झोन चुकून पुसला गेला किंवा सिरीयल नंबर चुकीचा भरला गेला तर. जोडताना झोनचा प्रकार 'फायर' ठेवलाय ना, तेवढं बघा. तो चोरीच्या झोनमध्ये असेल तर सिस्टीम आर्म (पहाऱ्यावर लावलेली) नसताना धुराचा सिग्नल येऊनही पॅनल गप्प बसू शकतं.

शेवटचं, खरं तर पहिलं: डिटेक्टर उतरवलाच आहे तर मागची उत्पादनाची तारीख वाचा. 10 वर्षं उलटली असतील तर यातलं काहीही करू नका, नवा घ्या. उलटली नसतील तर दरवाजाच्या सेन्सरचं काय झालं ते इथेच लिहा, पुढचं त्यावर ठरवू.