मीठ चोळून कातडं कमावता येत नाही

"पणजोबा कातडी कमवायचे म्हणून त्यांचा इतिहास शोधत बसू नका. मीठ चोळलं, उन्हात टाकलं की झालं चामडं, त्यात हुन्नर कसला? ढोर काय नि चांभार काय, काम एकच. कोल्हापुरी फक्त कोल्हापूरची, इकडच्यांनी नक्कल केली. आणि लेखी पुरावा कुठेच नाही." बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. पणजोबांच्या कामाची माहिती जमवायला बसलेल्या माझ्या भाचीने तो वाचला आणि वही मिटून ठेवली. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी मीठ. मिठाने कातडं कमावलं जात नाही, फक्त कुजायचं थांबतं, आणि त्यासाठीही कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं मीठ लागतं. असं वाळवलेलं कातडं पाण्यात टाकून बघा. मीठ विरघळतं, कातडं पुन्हा मऊ पडतं आणि सडायला लागतं. खरं काम मीठ धुऊन काढल्यावर सुरू होतं.

एक-दोन दिवस पाण्यात भिजवून कातडं चुन्याच्या कुंडात जातं, आठ-दहा दिवस. आधी जुना, वापरलेला चुना, मग ताजा; रोज वर काढून पुन्हा सोडायचं. लवकर काढलं तर केस मुळासकट निघत नाहीत, जास्त राहिलं तर कातडं पोकळ पडतं. मग केस आणि आतलं मांस खरवडून चुना पूर्ण धुवायचा. इथे घाई केली की उरलेला चुना पुढे बाभळीच्या सालीच्या पाण्यात काळे डाग पाडतो आणि वरचा पापुद्रा तडकतो.

त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. पाणी आधी पातळ, दिवसागणिक कडक. पहिल्याच दिवशी कडक पाणी दिलं तर वरचा थर आवळतो आणि रस आत शिरत नाही. बाहेरून तयार दिसणारं कातडं काठाला कापलं की मधोमध फिकी, कच्ची रेघ दिसते. म्हशीच्या जाड कातड्याला पिशवीची रीत असे: कातडं शिवून तिकाटण्याला (तीन काठ्यांच्या तिवईला) टांगायचं, आत कुटलेली साल आणि पाणी भरायचं, पाझरलेला रस पुन्हा वर ओतत राहायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, नाहीतर तोंडाकडचा भाग कच्चा राहतो. भांडं लोखंडी चालत नाही, सालीच्या रसाला लोखंड लागलं की निळा-काळा डाग पडतो. शेवटी तेल देऊन सावलीत वाळवायचं, उन्हात नव्हे! सगळं मिळून महिना-दीड महिना. ज्यांना यात हुन्नर दिसत नाही, त्यांनी ती कच्ची रेघ न राहू देता एक म्हशीचं कातडं कमावून दाखवावं.

कोल्हापुरीचा मुद्दा एका ओळीत संपतो. 2019 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर.

ढोर आणि चांभार एक नव्हेत. कातडं कमावणं, विहिरीतून पाणी काढायच्या मोटा आणि पाणी वाहायच्या पखाली करणं हे ढोरांचं. चपला शिवणं चांभारांचं, कन्नड मुलखात समगारांचं. काही घरांत दोन्ही कामं होत असत, एवढं मान्य.

पुराव्याबद्दल अर्धं सत्य आहे. पणजोबांच्या नावापुढे 'कातडी कमावणारा' असं लिहिलेला कागद क्वचितच सापडतो, आणि खानेसुमारीचे (जनगणनेचे) घरोघरचे कागद मिळत नाहीत, फक्त आकडे मिळतात. पण 'कुठेच नाही' हे खोटं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड, 1884 चा, जातवार वर्णनं आणि उद्योगधंद्यांची माहिती देतो. लिहिणारे इंग्रज अंमलदार होते, त्यांची जातीबद्दलची शेरेबाजी बाजूला ठेवून कामाची माहिती तेवढी घ्या. नावासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची नोंदवही बघा. तिथे 'चर्मकार' शोधलं तर हाती काही लागणार नाही. ढोर, चांभार, समगार असंच लिहिलेलं असतं, कधी मोडीत, कधी कन्नडात. जातीच्या रकान्यावरून मात्र धंदा ठरवू नका.

गाव तेव्हा कोणाच्या अमलात होतं तेही आधी पाहा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, शहापूर सांगली संस्थानात. बाकी बराचसा बेळगाव जिल्हा ब्रिटिश अमलात आणि 1956 पर्यंत मुंबई राज्यात. रायबागचा जुना कागद बेळगावात मिळाला नाही म्हणून तो नाहीच असं होत नाही, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'धंदा काय होता' असं विचारण्यापेक्षा साल कुठून यायची, कुंडं कुठे होती, तयार माल कोण न्यायचं, हे विचारा.